माप न देता पाटा विकणाऱ्यांनो, एकदा स्वतः बसवून दाखवा

हॉट रॉडचा, म्हणजे जुनी मोटार बदलून बनवलेल्या गाडीचा, पुढचा पाटा (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) बसवायला घेतलाय आणि डोकं अक्षरशः तापलंय. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय, ‘जुन्या फोर्डला सरळ बसतो’. कुठल्या जुन्या फोर्डला? १९०८ च्या मॉडेल टीपासून १९४८ पर्यंत फोर्डने आपल्या मोटारींना पुढे एकच आडवा पाटा दिला. पण १९३४ पर्यंत तो अ‍ॅक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, डोक्यावर होता आणि १९३५ पासून अ‍ॅक्सलच्या पुढे गेला. पर्च, म्हणजे पाटा अडकवायचे अ‍ॅक्सलवरचे खुंट, बदलले, त्यांच्यातलं अंतर बदललं, पाट्याची लांबी बदलली. आणि हे लोक सगळ्यांना एकाच नावाखाली विकून मोकळे!

आत जो कागद आहे त्यावर नुसतं चित्र. माप एकही नाही. पाट्याच्या एका टोकाच्या बुशपासून (टोकात बसवलेल्या नळीपासून) दुसऱ्या टोकाच्या बुशपर्यंत किती अंतर, ते मोकळ्या पाट्याचं की वजनाखालचं, पर्च ते पर्च किती हवं, काही म्हणजे काही नाही. अरे, आडव्या पाट्याचं सगळं गणित त्याच आकड्यांवर चालतं! मोकळा पाटा जास्त वाकलेला असतो, म्हणून टोकं जवळ असतात. इंजिन, बॉडी, रेडिएटर वर चढले की तो सपाट होत जातो, टोकं बाहेर सरकतात आणि शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक पर्चला जोडणाऱ्या कड्या, उभ्या होत जातात. गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना शॅकल साधारण ४५ अंशांत हव्यात. पाटा लांब पडला तर शॅकल सरळ उभ्या राहतात आणि गाडीचं नाक डावीकडे-उजवीकडे डोलतं. आखूड पडला तर शॅकल आडव्या ताणून बसतात, पाट्याला हलायला जागाच उरत नाही. नुसत्या चासीवर पाटा लावून तुम्ही काय बघणार? त्यातून काहीही कळत नाही! तरी जो तो सांगतो, ‘आधी लावून तर बघ, मग ठरव’. काय ठरवू? क्रॉस मेंबर, म्हणजे पाटा धरणारी चासीची आडवी तुळई, वेल्ड झाल्यावर ठरवू?

आणि त्या क्रॉस मेंबरच्या कोनाबद्दल तर कोणी तोंडच उघडत नाही. अ‍ॅक्सल मागे झुकवून ५ ते ७ अंश कॅस्टर (हाच मागचा झुकाव) द्या, हे सगळे पोपटासारखे सांगतात. अ‍ॅक्सल झुकला की त्यात बसलेले पर्चही झुकतात, पण पाटा मधोमध क्रॉस मेंबरला यू-बोल्टने आवळलेला असतो, तो कुठे झुकणार? त्यात हॉट रॉड म्हणजे मागे मोठी चाकं, पुढे नाक खाली. चासी ३ अंश पुढे कलली आणि क्रॉस मेंबर चासीला काटकोनात लावला, तर तो ३ अंश पुढे आणि अ‍ॅक्सल ६ अंश मागे. ९ अंशांचा पीळ थेट पाट्यात आणि बुशमध्ये! नवे बुश एका बाजूने झिजले की म्हणायचं, मालच हलका होता. माल हलका नव्हता. सांगणाऱ्याने अर्धंच सांगितलं होतं.

पाट्याच्या पट्ट्या मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं तर विचारूच नका. त्याचं डोकं क्रॉस मेंबरच्या भोकात बसायला हवं, म्हणजे पाटा जागेवरून सरकत नाही. यांनी दिलेल्या बोल्टचं डोकं भोकापेक्षा केसभर मोठं. यू-बोल्ट आवळले, पाना अडला, वाटावं झालं काम. बॅटरी लावून बाजूने पाहिलं तर पाट्याची सगळ्यात वरची छोटी पट्टी आणि क्रॉस मेंबर यांच्यामधून उजेड आरपार दिसतोय! सगळा भार त्या एका डोक्यावर. असंच सोडलं असतं तर रस्त्यावर बोल्टचं डोकं दबलं असतं, यू-बोल्ट ढिले झाले असते, सेंटर बोल्ट कापला गेला असता आणि अ‍ॅक्सल एका बाजूला सरकला असता. चालत्या गाडीत! हे कोण भरून देणार?

वर फुकटचे सल्ले. गाडी खाली घ्यायचीय? ‘पाट्यातल्या दोन पट्ट्या काढून टाक.’ म्हणजे खड्ड्यात अ‍ॅक्सल चासीवर आपटू दे. उलटी आय (टोकाची वळी उलट्या बाजूला वळवलेली) असलेली मुख्य लांब पट्टी घातली तर नाक साधारण इंचभर खाली येतं आणि ताकदही टिकते, हे सांगायला कोणाची जीभ वळत नाही.

सगळ्यात संताप येतो तो व्हिडिओ टाकणाऱ्यांचा. अ‍ॅक्सल घासताना दाखवतील, रंग मारताना दाखवतील, आणि पाटा ताणून शॅकलमध्ये घालायची वेळ आली की कट! पुढच्या क्षणी पाटा बसलेला, वर हसरा चेहरा. अरे, तेच तर बघायचं होतं! पाटा ताणायचा स्प्रेडर कुठे धरला, निसटू नये म्हणून काय केलं, उभं कुठे राहायचं, ते दाखवा ना. ताणलेला पाटा सुटला तर हाताचं हाड मोडतो, तोंडावर आला तर विचारायलाच नको. नवीन पोरं तुमचं बघून पहार घालून तो ताणायला जातात. तेवढा भाग कापायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी?