‘बायका-म्हाताऱ्यांचे गिअर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

घाटासाठी ४६/३० क्रँकसेट का घ्यावा, या माझ्या लेखाखालची आपली प्रतिक्रिया वाचली. आपण नाव लिहिलेलं नाही, सातारकर असल्याचं तेवढं सांगितलंय. नवख्या वाचकांसाठी आधी सांगते : क्रँकसेटवर पायडलजवळची दोन दातेरी चक्रं असतात आणि ४६/३० हे त्यांचे दाते. कॅसेट म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्रांचा संच, ११-३४ हे त्यातल्या सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्या चक्राचे दाते. पुढे दाते कमी आणि मागे जास्त, तेवढा गिअर हलका. यवतेश्वर हा साताऱ्याहून कासकडे जाणारा घाट. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून ती इथे जशीच्या तशी देते : “५०/३४ काढून ४६/३० बसवा हा सल्ला बायका-म्हाताऱ्यांना ठीक आहे. यवतेश्वर चढायला पायात दम लागतो, दाते नाही. उतारावर गिअर संपतो, ११-३४ कॅसेटमध्ये गिअरमधली अंतरं वाढतात, खर्चाचं तर मॅडम बोलतच नाहीत. नवख्यांची दिशाभूल थांबवा.”

मतभेदाला माझी ना नाही. याच लेखाखाली सायकल दुरुस्त करणाऱ्यांनी आणि बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल-फेऱ्या, करणाऱ्यांनी माझ्याशी कडकडून वाद घातलाय आणि मला तो आवडलाय. पण त्यांच्यापैकी कुणी बायका आणि म्हातारे यांची एक मोळी बांधून बाजूला फेकली नव्हती. आपल्याला दात्यांवर बोलायचं होतं, तर दात्यांवर बोलायचं. मी बाई आहे हे मध्ये आणायची गरज काय होती?

शिवाय हा आक्षेप आपला स्वतःचाही नाही. १९०२ साली फ्रान्समध्ये तिथल्या टूरिंग क्लबने डोंगरी रस्त्यावर सायकलींची चाचणी घेतली होती. एदुआर फिशर हा नावाजलेला स्पर्धक एका गिअरच्या सायकलीवर होता आणि मार्त हेस ही बाई तीन गिअरच्या. तिने सगळा मार्ग जमिनीला पाय न लावता पार केला, असं तेव्हाचं वर्णन आहे. त्यावर आंरी देग्रांज या संपादकाचं म्हणणं असं पडलं की बदलते गिअर पंचेचाळिशी ओलांडलेल्यांनी वापरावेत, बाकीच्यांनी स्नायूंच्या जोरावर जिंकावं. पुढच्याच वर्षी याच गृहस्थाने टूर द फ्रान्स सुरू केली, आणि तिथल्या मुख्य स्पर्धकांना डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, वापरायला १९३७ साल उजाडावं लागलं. आज शिमानो या सायकलीचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या सगळ्यात महागड्या ड्यूरा-एस संचातही ११-३४ कॅसेट मिळते. ती काय बायका-म्हाताऱ्यांसाठी बनवतात?

आता पायातल्या दमाचं. माणूस आणि सायकल मिळून ७५ किलो आणि चढ सहा टक्के धरू. पुढे ३४ आणि मागे २८ दात्यांवर पायडलचे मिनिटाला ८० फेरे राखायचे तर वेग १२ किलोमीटरच्या वर लागतो, आणि त्यासाठी पायांतून साधारण १८० वॉट निघायला हवेत. थोडा वेळ ते जमेल, पण नोकरी-संसार सांभाळून रविवारी सायकल काढणाऱ्या माणसाला अख्खा घाटभर नाही जमत. त्याच्याकडे १३० वॉट आहेत असं समजा. मग ३४/२८ वर त्याचे फेरे साठाच्या आसपास येतात. घाटात चढ काही सगळीकडे सारखा नसतो. तो वाढला की फेरे पन्नास, चाळीस असे उतरत जातात आणि माणूस हँडल ओढत प्रत्येक पायडलवर उभा राहतो. तेवढ्याच १३० वॉटमध्ये पुढे ३० आणि मागे ३४ असेल तर ताशी नऊ किलोमीटरने ८० फेरे सहज राहतात. चाकावर तेवढाच जोर द्यायला पायडलवर लागणारा दाब जवळपास २७ टक्क्यांनी कमी होतो. दम तोच आहे, दादा. तो गुडघ्याच्या वाटीतून काढायचा की छातीतून, एवढाच प्रश्न आहे. छाती रात्रीत ताळ्यावर येते, गुडघ्याला महिने लागतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे वडील पोस्टमन होते. मेढ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर त्यांनी उभा जन्म एका गिअरच्या अवजड सायकलीवरून टपाल पोचवलं. त्यांच्याइतके मजबूत पाय मी आजवर कुणाचे पाहिलेले नाहीत, आणि तरी चढ आला की ते खाली उतरून सायकल ढकलायचे. त्यांच्या पायात दम नव्हता, असं आपण म्हणाल का? त्यांच्या सायकलीला दाते कमी पडत होते. पन्नाशीनंतर त्यांना जिना चढताना कठड्याला धरावं लागलं. डॉक्टरांनी गुडघ्यांची झीज सांगितली. ती एकट्या सायकलीमुळे झाली असा माझा दावा नाही, पण मी ते जवळून पाहिलंय आणि म्हणूनच या विषयावर लिहिते.

मी स्वतः ३४/२८ वर कासपर्यंत कित्येक वर्षं गेले. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या पहिल्या वळणांना लागलं की दात-ओठ खात रेटायचं, वर पोचल्यावर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला ठणका, आणि सोमवारी वर्गात फळ्यासमोर उभं राहणं नकोसं. सीट उंच-खाली करून पाहिली, बूट बदलले. क्रँकसेट बदलल्यावर ते थांबलं. आपण कधी सप्टेंबरात, फुलांच्या हंगामात कासला सायकलने गेला आहात का? मोटारी एकामागे एक खोळंबलेल्या असतात. चढावर मध्येच थांबावं लागतं आणि तिथूनच परत निघावं लागतं. ३४/२८ वर तसं निघताना सायकल आधी डावीकडे झोकांडते, मग उजवीकडे, आणि मागच्या गाडीचा हॉर्न कानात. ३०/३४ वर अर्धा फेरा मारला की सायकल सरळ चालू लागते. जो नवखा आयुष्यात पहिल्यांदा त्या गर्दीत जाणार आहे, त्याची मी दिशाभूल करते असं आपण म्हणता? हा शब्द मला लागला. मी विद्यार्थ्यांना शिकवते, त्यामुळे तो सोडून देणार नाही.

आपला अंतरांचा मुद्दा रास्त आहे, तो मान्य करते. अकरा गिअरच्या ११-२८ मध्ये मिळणारे १२ आणि १४ दाते ११-३४ मध्ये नसतात. कराडच्या बाजूला वाऱ्याविरुद्ध गटाने जाताना १३ जड आणि १५ हलका असं होतं. ज्यांचं निम्म्याहून जास्त चालवणं तसं असेल त्यांनी ५०/३४ ठेवावा.

उतारावर गिअर संपतो म्हणालात. ४६/११ वर ९० फेऱ्यांना ताशी ४७ किलोमीटर मिळतात. यवतेश्वरच्या वळणांवर त्याहून जास्त वेगात पायडल मारायची कुणालाच गरज नाही.

खर्चाचं मी लिहिलं नाही, कारण दुकानागणिक आकडा बदलतो. पण खर्च कुठे टळतो ते लेखात होतं, ते आपण वाचलेलं दिसत नाही. म्हणून पुन्हा सांगते. आधी फक्त कॅसेट ११-३४ करा. मागचा डिरेलर मधल्या लांबीच्या पिंजऱ्याचा आहे का ते बघा (पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारा त्याचा खालचा भाग). शिमानोच्या १०५ च्या अकरा गिअरवाल्या आर७००० संचात छोट्या पिंजऱ्याला ३० दात्यांपर्यंतच परवानगी आहे, मधल्याला ३४ पर्यंत. चेन लांब लागेल, तीही बदला. तेवढ्याने भागलं तर क्रँकसेटला हात लावू नका. नाहीच भागलं तर मात्र नुसती छोटी चेनरिंग, म्हणजे पुढचं छोटं चक्र, बदलून सहसा चालत नाही, कारण ५०/३४ मध्ये रिंग ज्या बोल्टांनी बसते त्यांच्या ११० मिलिमीटर वर्तुळावर ३३ दात्यांहून लहान साधी रिंग बसत नाही. बहुधा पूर्ण क्रँक घ्यावा लागतो. ४६/३० मध्ये मिळणाऱ्या शिमानोच्या जीआरएक्स क्रँकची चेनलाइन, म्हणजे पुढे चेन धावते ती रेषा, अडीच मिलिमीटर बाहेर असते, म्हणून तो आपल्या पुढच्या डिरेलरशी जुळतो का हे पैसे देण्याआधी मेकॅनिकला विचारा.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढच्या वेळी नाव लिहा, आणि आपण सध्या कोणता क्रँक आणि कोणती कॅसेट वापरता तेही लिहा, म्हणजे मुद्द्याचं बोलता येईल. बायका आणि म्हाताऱ्यांवरचं वाक्य परत आलं तर ते छापणार नाही.