‘एक जाणकार वाचक’ यांना उत्तर (जरा लांबलंय, नाइलाज आहे)

नमस्कार. सुपरहिरोंच्या जोडीदारांवरच्या (बॅटमॅनचा रॉबिन, जादूगार मॅन्ड्रेकचा लोथार वगैरे) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "रॉबिन म्हणजे पोरांना अंक खपवायला आणलेला मार्केटिंगचा माल, त्याला जिवा महालाच्या रांगेत बसवणं हा बादरायण संबंध. मार्व्हलने पोरसवदा जोडीदार टाळले, त्यांचं काही अडलं नाही. लोथारला एक ओळ. सोलापुरात बसून चार जुनी इंद्रजाल चाळून कॉमिक्सचा इतिहास लिहिता येत नाही."

लोथारचं मान्य. 1934 पासून मॅन्ड्रेकबरोबर असलेला माणूस, राजपुत्र असून आधी कातडं गुंडाळून मोडकंतोडकं बोलणारा नोकर, मग 1965 नंतर नवीन चित्रकार आल्यावर नीट कपडे, नीट भाषा आणि बरोबरीचा मित्र. एवढा प्रवास एका ओळीत उरकायला नको होता. झालं?

आता ते ‘सोलापुरात बसून’. अहो साहेब, मग कुठे बसून लिहायचं? न्यूयॉर्कला? कमेंट तर तुम्हीही मराठीतच टाकलीय, म्हणजे तुम्हीही काही बॅटमॅनच्या गॉथममध्ये राहत नसणार. मुद्दा खोडा, चूक दाखवा, पण गाव काढायचं कारण काय? आमच्याकडे अशा वेळी ‘काय बे’ म्हणतात, तुम्ही वयाने मोठे वाटता म्हणून गप्प बसतो.

आणि ‘चार इंद्रजाल’ म्हणताय तर सांगतोच. मी पूर्व भागातला, घरात यंत्रमागाची खडखड, त्या आवाजात वाचायचं म्हणजे लक्ष लागलंच पाहिजे नाहीतर गोष्ट हुकली. टाइम्स ग्रुपने 1964 ला इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं, त्यातला जंगलातला मुखवटेवाला हिरो फँटम मराठीत वेताळ झाला, आणि आमच्यापर्यंत तो रद्दीवाल्याकडून नाहीतर भाड्याने कॉमिक्स देणाऱ्या दुकानातून यायचा. दुकानदार रबरी शिक्का नेमका वेताळच्या तोंडावर मारायचा, पिना गंजून पानांना तांबडे डाग पडलेले, शेवटचं पान बहुतेक वेळा गायब. मग शेवट आम्हीच जुळवायचो. मावसभाऊ मोठा, म्हणून चादर गळ्याला बांधून तो कायम वेताळ (वेताळला केप नसते, हे त्याला कोण सांगणार!) आणि मी कायम त्याचा जोडीदार गुरन. त्यामुळे जोडीदार असणं म्हणजे काय, हे मला तरी शिकवू नका.

गुरन काय करतो बघा. हाणामारीत तो क्वचितच पुढे असतो. पण तो वेताळचा लहानपणापासूनचा मित्र, ‘चालता-बोलता भूत’ म्हणजे वेताळ मरत नाही ही नुसती दंतकथा, खरं तर मुखवटा बापाकडून पोराकडे चालत आलाय हे त्याला ठाऊक असतं, आणि बाहेर तो ब्र काढत नाही. सगळ्या जंगलाला जो अमर वाटतो तो गुरनसमोर साधा माणूस असतो. जोडीदाराचं खरं काम हेच, आणि माझा अख्खा लेख यावरच होता, वाचला असेल तर.

रॉबिनचंही तेच. एप्रिल 1940 च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या 38 व्या अंकात तो आला. बॅटमॅनचा लेखक बिल फिंगर, त्याचं म्हणणं असं होतं की बॅटमॅनला बोलायला कुणी नाही, नुसता मनातल्या मनात विचार करत बसतो, शेरलॉकला जसा वॉटसन तसा याला कुणीतरी पाहिजे. म्हणजे सुरुवात लेखकाच्या अडचणीतून झाली. खप वाढला, खूप वाढला, कोण नाही म्हणतंय? पण खपला म्हणून खोटा, हे कुठलं लॉजिक? (त्या फिंगरचं नाव बॅटमॅनच्या श्रेयनामावलीत अधिकृतपणे यायला 2015 उजाडलं, तोवर सगळं चित्रकार बॉब केनच्या नावावर. जोडीदारांच्या वाट्याला काय येतं ते यात आलंच.)

1988 ला दुसऱ्या रॉबिनला, जेसन टॉडला, मारायचं की ठेवायचं यावर फोनवरून मतं मागवली. मारा म्हणणारे 5343, ठेवा म्हणणारे 5271. हा धंदाच होता, उघडउघड. पण निव्वळ मालासाठी लोक पैसे भरून फोन करत बसतात का? आणि 72 मतांनी मेलेलं पोरगं पुढे वर्षानुवर्षं बॅटमॅनच्या मानगुटीवर बसलं, ते काय खपाच्या तक्त्यामुळे?

जिवा महालाबद्दल म्हणाल तर ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मी बनवलेली नाही. 1659, प्रतापगड, सय्यद बंडाचा वार महाराजांवर येतो आणि जिवा मध्ये पडतो. एवढ्या मोठ्या राजाची गोष्ट सांगतानाही लोकांनी दुसऱ्या माणसाला जागा ठेवली, इतकंच माझं म्हणणं. रॉबिन आणि जिवा सारखे, असं मी कुठंही लिहिलेलं नाही. परत वाचा.

मार्व्हलचा मुद्दा राहिला. मार्व्हल कंपनीचा लेखक-संपादक स्टॅन ली, त्याला असले पोरगे आवडायचे नाहीत हे सगळ्यांना माहितीये, त्यात नवीन काय सांगितलंत? कॅप्टन अमेरिकाचा पोरसवदा जोडीदार बकी, त्याला 1964 ला मेलेला दाखवला आणि 2005 ला परत आणलाच ना. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी, आत्ता वेळ नाही.

तुमची कमेंट डिलीट करणार नाही, राहू दे. पुढचा भाग चाचा चौधरी आणि साबूवर आहे, त्यावर तुटून पडायचं तर खुशाल पडा, फक्त खाली नाव टाका. ‘एक जाणकार वाचक’ला अहोजाहो करत उत्तर देणं फार अवघड जातं.