टँक टर्न नको, पुढे-मागे हुक द्या

मागच्या श्रावणात माझ्या आतेभावाची इलेक्ट्रिक गाडी आमच्या गावच्या साकवाजवळ (ओढ्यावरचा छोटा पूल) अडकली, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं, आज रविवार आहे आणि बाहेर पाऊस आहे तर लिहूनच टाकतो. जरा मोठं होईल, सांभाळून घ्या.

गाव दापोली तालुक्यातलं. मुलुंडहून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, त्यातले शेवटचे तीन किलोमीटर कच्चे, लाल मातीचा उतार, मध्ये मध्ये जांभ्याचे दगड वर आलेले आणि खाली पऱ्यावर साकव. भावाची गाडी शहरातली साधी गाडी आहे, फक्त पुढच्या चाकांना पॉवर, त्यामुळे अडकली यात गाडीचा काही दोष नाही हे आधीच सांगतो. साकवाच्या अलीकडच्या वळणावर डावं चाक चरात उतरलं आणि दोन्ही पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. इथपर्यंत ठीक, असं आमच्याकडे दर पावसाळ्यात कुणाचं ना कुणाचं होतं, मग कुणीतरी ट्रॅक्टर घेऊन येतो, दोर लावतो, दहा मिनिटांत मोकळं.

पण इथे दोर लावायचा कुठे? पुढच्या बंपरवर एक छोटं झाकण, त्यात स्क्रू करायचा हुक, तो हुक डिकीत तळाला, वर आठ दिवसांचं सामान. तो काढेपर्यंत भावाने कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला (नेटवर्कसाठी अर्धा किलोमीटर वर चढून जावं लागलं) तर ते म्हणाले ट्रॅक्टरने ओढू नका, चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर फिरते आणि वीज तयार होते, गाडी खराब होईल, आम्ही फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक, पाठवतो. बोलणं चूक नाही त्यांचं. मोटरमध्ये कायमचे मॅग्नेट असतील तर चाकाबरोबर ती जनरेटरसारखी चालते, हे खरंच आहे. पण आमच्या त्या उतारावर फ्लॅटबेड येणार कसा? दुधाचा टेम्पोसुद्धा वरच थांबतो. चार तास फ्लॅटबेडची वाट बघण्यात गेले, गाडी बंद करून हॅझर्ड चालू, दरवाजे उघडे, पोरं आतबाहेर. आणि चार तासांनी ती छोटी बारा व्होल्टची बॅटरी बसली.

आता हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं की इलेक्ट्रिक गाडीतसुद्धा बारा व्होल्टची साधी बॅटरी असते आणि ती मेली की खाली पन्नास-साठ युनिट वीज भरलेली मोठी बॅटरी असूनही गाडी जागी होत नाही. स्क्रीन काळी, न्यूट्रल नाही, इलेक्ट्रिक हँडब्रेक लागलेला तो लागलेलाच. शेवटी माझ्या जुन्या डिझेल थारवरून जंप दिला, गाडी जागी झाली, न्यूट्रलला टाकली आणि ट्रॅक्टरने पाच-सहा मीटर हळू मागे घेतली, तिथून ती स्वतःच्या पॉवरवर वर आली, काही झालं नाही तिला. पण अंधार पडला होता आणि आत्या देवापाशी दिवा लावून बसली होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की नवी इलेक्ट्रिक ऑफरोड गाडी बनवताना आधी अडकलेल्या गाडीचा विचार करा, पळणाऱ्या गाडीचा नंतर. ऑफरोड म्हणजे अडकणंच. जो म्हणतो मी कधी अडकलो नाही तो डांबरावरून खाली उतरलेला नाही.

पुढे दोन, मागे दोन, चेसीला बोल्ट केलेले, लाल रंगाचे, चिखलातसुद्धा हाताला लागतील असे हुक. हे पहिलं. दुसरं, मोटरपासून चाकं सुटी करायची सोय. हे काही अशक्य नाही, परदेशात विकल्या जाणाऱ्या ह्युंदाईच्या फोर व्हील ड्राइव्ह आयोनिक ५ मध्ये पुढच्या अ‍ॅक्सलला असा डिस्कनेक्ट आहेच, तिथे तो रेंज वाचवायला दिलाय एवढंच. तोच विचार पुढे न्या, पुढे-मागे दोन्हीकडे द्या आणि हाताने ओढता येईल अशी केबल किंवा लिव्हर द्या, म्हणजे गाडी पूर्ण मेली तरी चाकं मोकळी होतील आणि ट्रॅक्टर तिला बिनधास्त वरच्या डांबरापर्यंत नेईल. तिसरं, बारा व्होल्टच्या बॅटरीला हात पोचेल अशा जागी जंप द्यायचे पॉइंट, आणि एक साधी लोखंडी चावी, जिने दरवाजाही उघडेल आणि बॉनेटही. फोनची चावी, कार्डाची चावी असू दे की, मी नको म्हणत नाही, पण सांदण दरीच्या बाजूला किंवा वेल्ह्याच्या मागे फोनला एक काडी रेंज नसते तिथे अ‍ॅप काय कामाचं.

हे सगळं मी इलेक्ट्रिकच्या विरोधात लिहितोय असं कुणी समजू नका, उलट मला ही गाडी मनापासून हवीये. मी भावाची गाडी मुंबईत चालवलीय, आणि एका मित्राच्या दोन मोटरवाल्या हॅरियर ईव्हीतून चिखलात बसून आलोय. काय मजा आहे राव. आमच्या डिझेलला खडकावर चढवायचं म्हणजे फोर लो टाका (चारही चाकांना ताकद देणारा सगळ्यात संथ गिअर), क्लच अर्धा, आरपीएम धरून ठेवा, जरा चुकलं की बंद नाहीतर उडी. मोटरला शून्य आरपीएमपासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद, मुंगीच्या चालीने चढते. आणि आवाज नाही, त्यामुळे कुठलं चाक घसरतंय ते कानाला कळतं, टायरखाली खडी सरकतेय ते कळतं, ओढ्याचं पाणी ऐकू येतं. त्यावर कृपा करून स्पीकरमधून खोटा इंजिनचा आवाज लावू नका.

त्यातही एक बारीक गोष्ट मागेन. अ‍ॅक्सिलरेटरचा पहिला अर्धा इंच खूप संथ ठेवा. खडकावर पाय थरथरतो, गचका बसतो, तेव्हा पेडल नाजूक असेल तर गाडी उडी मारते. आणि उतारावर रिजनरेशनने (पाय उचलला की मोटर वीज बनवून बॅटरीत भरते) गाडी स्वतःच धरली जाते हे फार सुंदर आहे, पण बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर वीज ठेवायला जागाच नसते, मग रिजन कमी होतं आणि तोच पाय उचलला तरी गाडी पहिल्यासारखी धरत नाही. आमचं घर वर, उतार खाली. रात्री घरी फुल चार्ज केली आणि सकाळी ओल्या उतारावर निघालो तर पहिल्याच वळणाला हे होणार. तेव्हा साध्या ब्रेकने ती कमतरता आपोआप भरून काढा, पायाखालची भावना एकच ठेवा.

महिंद्राने १५ ऑगस्ट २०२३ ला केपटाऊनमध्ये थार.ई ही इलेक्ट्रिक थारची नमुना गाडी दाखवली तेव्हा मी रात्री जागून बघितली होती. मग १५ ऑगस्ट २०२५ ला आपल्या मुंबईतच व्हिजन टी ही आणखी एक नमुना गाडी दाखवली. आमच्या घरात जीपचं वेड बाबांपासून. त्यांची महिंद्राची एमएम ५४० जीप, पिजो इंजिनची, मी शाळेत असताना तिच्या मागच्या बाकावर बसून गावाला जायचो. बाबा सांगायचे की ही कंपनी १९४७ साली माझगावात विलीज जीप जोडायला लागली, म्हणजे जीप ही मुंबईचीच. ती विलीज साधारण ११०० किलोची होती. आज अमेरिकेतली हमर ईव्ही चार टनांच्या वर जाते. चार टन! आमच्या साकवाला ते झेपेल की नाही देव जाणे. बॅटरी मोठी करत करत गाडी जड करू नका, चिखलात वजन हाच शत्रू आहे, जड गाडी रुतते आणि जड गाडी ओढायला दोन ट्रॅक्टर लागतात.

मर्सिडीजच्या इलेक्ट्रिक जी क्लासमध्ये चार चाकांना चार मोटर आहेत, रणगाड्यासारखी जागच्या जागी गोल फिरते, तोच टँक टर्न, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. पोरांना तेच हवं असतं. पण त्याच गाडीत मला आवडलेल्या गोष्टी दोन, एक म्हणजे तिला खरोखरचा लो रेंज गिअर (फोर लोसारखा संथ गिअर) आहे, आणि दुसरी म्हणजे ८५० मिलिमीटर पाण्यातून जायची क्षमता, जी साध्या जी क्लासपेक्षा जास्त आहे. इंजिन नाही म्हणजे हवा ओढायचा पाइप नाही, स्नॉर्केल (तोच पाइप छतापर्यंत उंच नेलेला) नको, सायलेन्सर नाही. पाण्याच्या बाबतीत इलेक्ट्रिक गाडी डिझेलच्या पुढेच असायला हवी. पण ती गाडी तीन कोटींच्या घरात. आम्हाला पंचवीस लाखांच्या आतली पाहिजे, आणि माझ्या डिझेल थारचे ६५० मिलिमीटर आहेत त्यापेक्षा कमी मी घेणार नाही.

आणि पाण्याचं नुसतं ब्रोशरमध्ये लिहून भागणार नाही. आयपी ६७ हे पाणी आत न शिरण्याचं मानांकन, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती चाचणी नव्या सीलची. पाच पावसाळे, लाल चिखल, दगडाचे तडाखे, खाऱ्या हवेत कनेक्टरला गंज, त्यानंतर काय? मला दर वर्षी पावसाळ्याआधी बॅटरीच्या सीलची तपासणी सर्व्हिसमध्ये हवी आणि त्याचा दर लिहून हवा. आणि वॉरंटीच्या कागदावर ठळक अक्षरात हवं की ऑफरोड वापर आणि सांगितलेल्या खोलीपर्यंतचं पाणी कव्हर्ड आहे. ऑफरोड म्हणून विकायची आणि क्लेम आला की 'अयोग्य वापर' म्हणायचं, हे चालणार नाही. ज्यांनी २६ जुलै २००५ बघितलाय, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, त्यांना पाण्याची भीती कशाला म्हणतात ते सांगायला नको. मुंबईकराला तर दापोलीपर्यंत जायचीही गरज नाही, आमचं वॉटर वेडिंग, म्हणजे पाण्यातून गाडी काढणं, अंधेरी सबवेतच होतं.

खालची बॅटरी हा माझा सगळ्यात मोठा काळजीचा विषय. गाडीच्या पोटाखाली सपाट पसरलेली आणि सगळ्यात महाग वस्तू तीच, आणि जांभा दगड नेमका पोटालाच लागतो. जाड स्किड प्लेट (पोटाखालचं संरक्षक कवच) द्या हे सगळेच म्हणतात. मी म्हणतो ती बोल्टवर सुटणारी, वेगळी विकत मिळणारी द्या. दगडाने प्लेट चेपली तर आठ-दहा हजारांची प्लेट बदलता आली पाहिजे, पूर्ण पॅक बदलायचा कागद हातात येता कामा नये.

स्टेपनी. पूर्ण साइजची, मागच्या दारावर. पंक्चर किट देऊन जागा वाचवतात, पण दगडाने टायरची बाजू फाटली की त्या किटचा फेस काय करणार. यावर वाद नको.

बटणं. ओल्या हाताने, चिखलाच्या बोटाने टचस्क्रीन चालत नाही. फोर लो, डिफ लॉक, हिल डिसेंट, वायपर, काचेवरची हवा, या सगळ्याला बोट न बघता लागेल असं बटण.

आता रेंजचं. लोक पाचशे-सहाशे किलोमीटर मागतात, मला फक्त खरा आकडा सांगा, तेवढं पुरे. चौकोनी गाडी, ऑल टेरेन टायर, चार माणसं, एसी, वर कॅरिअर, हायवेला नव्वदचा स्पीड, अशी चालवून आलेला आकडा छापा. तो साडेतीनशे असला तरी मी घेईन, कारण सव्वादोनशे जाऊन वर शंभर उरतात. पण मग गावात चार्जिंग झालं पाहिजे, आणि इथे कंपन्यांच्या इंजिनिअर लोकांनी एकदा आमच्याकडे दोन दिवस राहायला यावं, जेवणखाण माझ्याकडे. पंधरा अँपिअरच्या सॉकेटला अर्थिंग धड नाही म्हणून चार्जर सुरूच होत नाही. संध्याकाळी पंप चालू झाले की व्होल्टेज पडतं, चार्जर बंद. रात्रभर लावून ठेवलं, सकाळी बघितलं तर चार टक्के वाढलेले, हे भावाच्या बाबतीत झालंय. कमी व्होल्टेजला टिकणारा, हाताने सहा-दहा-सोळा अँपिअर निवडता येणारा चार्जर द्या आणि अर्थिंग नसेल तर नेमकं काय करायचं ते मराठीत लिहून द्या. अर्थिंगची तपासणी मात्र काढून टाकू नका, ती जीव वाचवते.

आणि वीज उलटी बाहेर काढायची सोय तर हवीच हवी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, आमच्याकडे पोफळी-नारळ झोपले, खांब पडले, लाइट कित्येक आठवडे नव्हती. आईबाबा तेव्हा गावी अडकलेले, विहिरीला पाणी होतं पण पंप बंद, बाबा त्या वयात रहाटाने पाणी काढत होते. आमच्या गावच्या घराला दिवसाला चार-पाच युनिट लागतात. गाडीत तीस युनिट शिल्लक असले तर आठवडा निघतो, फ्रीजमधली इन्सुलिन टिकते, एक एचपीचा पंप सुरू होताना जास्त करंट ओढतो तेवढा सोसणारं सॉकेट मात्र पाहिजे. हे फीचर कॅम्पिंगला कॉफी करताना दाखवतात जाहिरातीत. आमच्यासाठी ते पिण्याचं पाणी आहे.

एक गोष्ट गाडी घेणाऱ्यांसाठी. गाडी आवाज करत नाही म्हणून किनाऱ्यावर वाळूत किंवा सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) फुलांत घालायची नाही. किनाऱ्यावर मनाई आहेच, भरतीत बुडालेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सिझनला येतात.

बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांना मी हे सगळं वाचून दाखवलं, त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच विचारलं, "धक्का मारून चालू होईल का रे?" नाही होणार, म्हटलं. मग म्हणाले, "मग तुझा तो हुक नीट बघून घे."

सोसायटीकडे चार्जिंग पॉइंटचा अर्ज दिलाय, डाऊन पेमेंट एफडीत ठेवलंय. गणपतीला यंदा डिझेलच नेतोय. ज्या दिवशी ही गाडी शोरूमला येईल त्या दिवशी सेल्समन दार उघडायच्या आधी मी बंपरखाली वाकून बघणार आहे.