जमीन नाकारली, मग पाण्यावर

एप्रिल 2025 मध्ये केंद्र सरकारने जनगणनेत जात नोंदवायचं जाहीर केलं आणि इथे कॅलिफोर्नियात आमच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सूर लागला: जात मोजली की जात वाढते, विषयच नको. 2023 मध्ये इथल्या विधिमंडळाने जातिभेदाला नाव घेऊन बंदी घालणारं विधेयक मंजूर केलं, तेव्हाही हेच ऐकलं होतं. आहेत ते कायदे पुरेसे आहेत, असं म्हणत गव्हर्नर न्यूसम यांनी ते फेटाळलं. अनेकांना हायसं वाटलं. मला अजिबात वाटलं नाही.

जातीविषयी गप्प राहणं म्हणजे जात विसरणं, हे मला पटत नाही, आणि त्याचं एक कारण म्हणजे केरळचे पंडित के. पी. करुप्पन. 1885 साली एर्नाकुलमजवळ चेरानल्लूरला मासेमारी करणाऱ्या समाजात ते जन्मले. कवी म्हणून नाव झालं, संस्कृतचे शिक्षक झाले. सवर्ण मुलींच्या शाळेत नेमणूक झाली तेव्हा विरोध झाला. त्यांनी जातिभेदावर ‘जातिक्कुम्मी’ ही कविता लिहिली, तीही टाळ्या वाजवत फेर धरून म्हणायच्या लोकगीताच्या चालीवर. शंकराचार्य आणि त्यांची वाट अडवणारा चांडाळ ही शंकराचार्यांच्या मनीषापंचक या स्तोत्रातली गोष्ट त्यांनी त्यात घेतली. बाजूला हो म्हणजे कोणी व्हायचं, देहाने की आत्म्याने, हा प्रश्न शाळेचं तोंडही न पाहिलेल्या माणसांच्या ओठांवर गेला.

1913 मध्ये करुप्पन यांच्या पुढाकाराने पुलय समाजाला, म्हणजे शेतात राबणाऱ्या, अस्पृश्य मानलेल्या माणसांना, सभा घ्यायची होती. कोचीनच्या राजाच्या जमिनीवर परवानगी नाही. मग एर्नाकुलमच्या खाडीत होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि सभा तिथेच भरली. पाणी कुणाच्या नावावर नव्हतं. महाडचं चवदार तळं 1927 चं; पाण्यापाशी आपलीही लढाई झालीच की.

आमच्या इथे नव्याने आलेल्या मुलीला पॉटलकमध्ये आधी आडनाव विचारतात, मग मूळ गाव. तेवढ्याने उलगडा झाला नाही तर, ‘तुमच्याकडे गौरी खड्यांच्या की मुखवट्यांच्या?’ विचारणाऱ्या काकू प्रेमळ असतात, ताटात आग्रहाने वाढतातही. पण जात कळेपर्यंत चौकशी थांबत नाही. हीच माणसं म्हणतात, अमेरिकेत जात कुठे आहे?

पुढे कोचीन संस्थानचे दिवाण झालेले जोसेफ भोर आपले नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. आरोग्याच्या भोर समितीमुळे त्यांचं नाव आजही ऐकू येतं. एर्नाकुलममध्ये शेतीचं प्रदर्शन भरलं, तेव्हा हे सगळं पिकवणाऱ्या पुलयांना शहरात पाऊलही टाकता येत नाही, हे करुप्पन यांनी त्यांच्या कानावर घातलं. परवानगी मिळाली, आणि बाहेर होड्यांमध्ये थांबलेली माणसं मैदानात आली. सांगणारं कुणी नसतं तर प्रदर्शन छान झालं असतं आणि ती माणसं पाण्यावरच राहिली असती.

त्या विधेयकाच्या बाजूने मी पत्र लिहिलं होतं. पुन्हा आलं तर पुन्हा लिहीन, आणि या वेळी ग्रुपवरही टाकेन.