इंट्रोमध्ये गांधीजींची स्तुती चालत नाही

अमेरिकेत पोरं अकरावीत गेली की एपी लँग नावाचं प्रकरण, म्हणजे शाळेतच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा इंग्रजीचा कोर्स, घरात शिरतं आणि त्याच्या पोटात असतो ऱ्हेटॉरिकल ॲनालिसिसचा निबंध. कुणाचं तरी भाषण नाहीतर पत्र हातात देतात आणि विचारतात, ह्या माणसाने आपलं म्हणणं समोरच्याच्या गळी कसं उतरवलं ते सांगा. माणूस थोर होता की कसा, ह्याच्याशी कुणाला काही देणंघेणं नाही. आणि आम्ही मराठी मीडियमवाले, आमची अख्खी शाळा लोकांना थोर म्हणण्यात गेली!

त्यात लेकीला प्रॅक्टिसला आला 2019 च्या पेपरातला प्रश्न, गांधीजींनी 1930 मध्ये दांडीयात्रेच्या आधी व्हाइसरॉय आयर्विनला लिहिलेलं पत्र. म्हटलं हे तर घरचंच कार्य, लिही, "युगानुयुगातून एखादाच असा महात्मा जन्माला येतो..." तिने लॅपटॉपवरून मानसुद्धा वर केली नाही. "आई, टीचर म्हणतात युगानुयुगं दिसली की त्या तिथेच वाचायचं थांबतात."

मग इंट्रोत, म्हणजे निबंधाच्या सुरुवातीच्या परिच्छेदात, हवंय काय? तर कोण बोलतंय, कुणाशी, कधी, कशासाठी, एवढं दोन ओळींत उरकायचं आणि तिसऱ्या ओळीत थीसिस, म्हणजे पुढच्या निबंधात जे सिद्ध करायचं तो मुख्य मुद्दा. थीसिसला सहापैकी 1 मार्क, आणि प्रश्नातलंच वाक्य फिरवून लिहिलं तर तोही नाही. आमच्याकडे प्रश्न फिरवून लिहिण्यावर पिढ्या पास झाल्यात हो. परीक्षेत तीन निबंधांना मिळून सव्वादोन तास, त्यातली 15 मिनिटं वाचायला, म्हणजे एकाच्या वाट्याला 40 मिनिटं, आणि आमच्याकडे इंट्रोच्या तीन ओळींवर रविवारची दुपार गेली, वरण गॅसवर आटून त्याची आमटी झाली.

पहिला ड्राफ्ट होता, गांधी लोगोस, पॅथॉस आणि डिक्शन (मराठीत तर्क, भावना आणि शब्दांची निवड) वापरतात. टीचरनी 'वापरतात'ला लाल गोल करून बाजूला लिहिलं, सगळेच वापरतात, हे का वापरतात? प्रश्न बिनतोड होता, मला राग त्याचाच आला.

शेवटी मी चष्मा लावून अख्खं पत्रच वाचायला घेतलं, आणि काय सांगू, माणूस भयंकर हुशार. सुरुवात 'प्रिय मित्र', बस, हा त्यांचा इंट्रो. पुढे सरळ सांगतात की ब्रिटिश राज्य मला शाप वाटतं, पण एकाही इंग्रजाला इजा करायची माझी इच्छा नाही. मग हळूच साहेबाच्या पगारावर येतात, महिन्याला 21,000 रुपये, म्हणजे दिवसाला 700 च्या वर, आणि हिंदुस्थानातल्या माणसाची सरासरी कमाई दिवसाला दोन आण्यांपेक्षा कमी. आणि वर म्हणतात, तुम्हाला ह्या पगाराची गरज नाही हे मला माहितीये, बहुतेक सगळा दानधर्मातच जात असेल, पण ही व्यवस्थाच मोडीत काढायला हवी. अगं, हे तर आमच्या आत्याबाई! "तुझ्याबद्दल काही नाही हो, तू गुणाचीच आहेस, पण ह्या घराची पद्धतच..." पंचवीस वर्षं ऐकतेय, लागतं सगळं आपल्यालाच आणि उलटून बोलायला जागा नाही. बरं, पत्र पोचवायला माणूस पाठवला तोही इंग्रज, रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाचा तरुण. म्हणजे पोस्टमनसुद्धा मुद्द्यात धरलाय.

हे सगळं मी तावातावाने सांगितलं, आत्याबाईंच्या आवाजासकट. लेक आधी हसली, मग टाइप करायला लागली आणि पाच मिनिटांत थीसिस तयार. आयर्विनला माणूस म्हणून मान देत गांधी त्याला त्याच्याच राज्यव्यवस्थेपासून वेगळा काढतात, म्हणजे व्यवस्थेची बाजू घ्यायची तर त्याला स्वतःच्या चांगुलपणाविरुद्ध बोलावं लागेल, असं काहीतरी, इंग्रजीत जास्त रुबाबदार होतं. आत्याबाईंना क्रेडिट दिलेलं नाही, त्यांना कळवलेलंही नाही.

आयर्विनने गांधीजींच्या पत्राला स्वतः उत्तर दिलंच नाही. सेक्रेटरीकडून चार ओळी पाठवल्या, की ज्याने कायदा मोडेल असा मार्ग तुम्ही धरताय ह्याचा व्हाइसरॉयना खेद वाटतो. विषय संपला. ह्या चार ओळींचं ॲनालिसिस मात्र कुणी पेपरात विचारत नाही, ते मी इंट्रोसकट चहा उकळेपर्यंत लिहून दिलं असतं, एचआरच्या असल्या मेल्स वाचण्यातच माझं करिअर झालंय.