छापून झालंय, आता बोला

मागच्या वर्षी आमच्या भागातल्या एका कृषी विज्ञान केंद्रातून फोन आला. "ताई, उद्या अकराला शास्त्रीय सल्लागार समितीची बैठक आहे. शेतकरी महिला प्रतिनिधी म्हणून तुमचं नाव टाकलंय. आधारची झेरॉक्स आणा." उद्या! नऊ गाई आणि एक म्हैस सासूबाईंच्या गळ्यात घालून निघाले. जाताना भिंतीवरचं कॅलेंडर काढून पिशवीत टाकलं. औषध कंपनीचं फुकटचं कॅलेंडर आहे, पण आमच्या गोठ्याचा सगळा दफ्तरखाना त्यावरच असतो. निळी फुली म्हणजे माजावर आली, गोल म्हणजे भरवली (रेतन केलं), लाल फुली म्हणजे उलटली, गाभण न राहता परत माजावर आली. त्या वर्षी नऊपैकी चार गाई तीन-तीनदा उलटल्या होत्या. केंद्राने कशावर काम करावं ते ही समिती सुचवते, आणि माझ्या दृष्टीने संशोधनाचा विषय हाच.

दारातच सही घेतली आणि नाश्त्याच्या पुडक्याबरोबर स्पायरल बाइंडिंगचं एक पुस्तक हातात दिलं. गेल्या वर्षीचा अहवाल आणि *पुढच्या वर्षीचा कृती आराखडा*. कोणत्या चाचण्या घ्यायच्या, किती शेतकऱ्यांकडे घ्यायच्या, तक्त्यांसकट सगळं छापलेलं. मग चार तास स्लाइड झाल्या. शेवटी पावणेचारला साहेब म्हणाले, "आता शेतकरी प्रतिनिधींनी आपल्या सूचना मांडाव्यात." धारेची वेळ जवळ आलेली. अर्धे लोक मोटारसायकलच्या किल्ल्या चाचपत होते.

पहिले दोघे उठले ते दुधाच्या दरावर बोलले. ३.५ फॅट, ८.५ एसएनएफच्या (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दुधाला काय मिळतं आणि पेंडीच्या पोत्याला काय मोजावं लागतं, हेच. साहेब म्हणाले, "हा आमचा विषय नाही." आता यात साहेब खोटं बोलत नव्हते. दर काही प्रयोगशाळेत ठरत नाही. पण प्रश्न काय विचारला होता? "तुमच्या समस्या सांगा." समस्या विचारली की आमचा माणूस दरच सांगणार. त्याऐवजी "मागच्या वर्षी कोणतं जनावर विकलं आणि का?" असं विचारलं असतं, तर अर्ध्या खोलीने "गाभण राहिना म्हणून" असं सांगितलं असतं. उरलेल्यांनी कासेची दगडी (कासेला सूज येण्याचा रोग), गोचीड, लंपीनंतर आटलेलं दूध ही नावं घेतली असती. आपसूक यादी तयार झाली असती. बारीक तपशील विचारायला वेळ लागतो आणि गोठ्यात यावं लागतं, तेही सकाळी सहाला. शेण काढणारी, माज ओळखणारी बाई तिथंच भेटते. हॉलमध्ये तिचा नवरा येतो.

मी कॅलेंडर उघडून दाखवलं. एका तरुण डॉक्टरांनी खरंच लक्ष घालून पाहिलं. वळू कोणता, माज दिसल्यावर किती तासांनी भरवलं, खनिज मिश्रण देता का, असं विचारलं आणि मोबाइलमध्ये फोटो काढला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! त्याला आता वर्ष झालं. पुढे काय झालं ते कळलं नाही. इतिवृत्तात बहुतेक "महिला प्रतिनिधींनी प्रजननाविषयी सूचना केली" अशी एक ओळ गेली असेल.

ऑस्ट्रेलियात संशोधनाबद्दल शेतकऱ्याला विचारणं पैशापासून सुरू होतं. तिथं कुरणावरचं जनावर विकलं की डोईमागे ५ डॉलर पट्टी कापतात, त्यातले ९२ सेंट संशोधनाला जातात आणि सरकार त्यात आपली भर घालतं. लोकरवाल्यांची तर मजाच आहे. दर ३ वर्षांनी मतदान होतं, उत्पन्नातला किती टक्के भाग द्यायचा यावर, आणि शून्याचा पर्यायही मतपत्रिकेवर असतो. २०१८ साली त्यांच्या संस्थेचं संचालक मंडळ २ टक्के ठेवा म्हणत होतं, मेंढीवाल्यांनी दीड टक्क्यावर आणलं. हिशेब मागायला पैसा आपला असावा लागतो तो असा. पण तिकडचं सगळंच गोड मानू नका. मत १०० डॉलर पट्टीमागे एक, म्हणजे ज्याच्या मेंढ्या जास्त त्याचा आवाज मोठा. हा नियम इथं आणला तर माझ्या नऊ गाई कुणाच्या खिजगणतीत असतील?

आमच्या दूधबिलात पेंड कापतात, उचल कापतात, संशोधनाची पट्टी नाही. त्यामुळे आम्ही कायम पाहुणे.

तरी आपल्याकडे चांगलं काम झालेलंच नाही असं म्हणणार नाही. फलटणच्या निंबकर संस्थेने बंगालच्या गरोळ मेंढीतला जुळ्यांचा जनुक आपल्या दख्खनी मेंढीत आणला. तोच जनुक ऑस्ट्रेलियाच्या बुरूला मेरिनो जातीच्या मेंढीत आहे, त्यामुळे तिकडचे शास्त्रज्ञ आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही त्या कामात होती. मला त्यातलं आवडतं ते हे की मेंढ्या संस्थेच्या कुंपणात राहिल्या नाहीत. नर धनगरांच्या कळपात गेले आणि नोंदी तिथं ठेवल्या गेल्या. चरून पोट भरणाऱ्या मेंढीला दोन कोकरं पाजता येतात का, हे कळपामागे चालल्याशिवाय कसं कळणार? तीन झाली तर दूध पुरेल का, हा प्रश्न धनगराला आधी सुचतो, कारण ते कोकरू खांद्यावर घ्यायचं त्यालाच असतं.

माझं मागणं फार नाही. आराखडा छापायच्या आधी विचारा. आणि विचारलंत तर उत्तर द्या, नाही म्हणायचं असेल तर तसं. "ताई, उलटण्यावर आमच्याकडे पैसा नाही, प्रजननाच्या तज्ज्ञाची जागा रिकामी आहे," एवढं जरी सांगितलं तरी मी रागावणार नाही. रिकाम्या जागा आम्हाला दवाखान्यातही दिसतात.

परवा परत फोन आला. या वर्षीची बैठक मंगळवारी. म्हटलं, आराखड्याची प्रत आधी पाठवाल का, वाचून येते.

"पाठवली असती हो ताई, पण छापायला गेलाय."