अंश कुठला, छेद कुठला

नमस्कार सर,

हवाई दलाच्या ग्राउंड क्रूमध्ये 22 वर्षं काढलेल्या माणसाने कान उपटले की आधी चूक शोधावी. माझा लेख होता इजेक्शन सीटवर, म्हणजे संकटात पायलटला विमानाबाहेर उडवणाऱ्या सीटवर; सीट सुधारली तरी मणके मोडण्याचा टक्का वाढू शकतो, असं त्यात होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जीव वाचला तिथे मणक्याचं काय घेऊन बसलात? आणि सीट सुधारली तर मणके मोडण्याचं प्रमाण वाढेलच कसं?

चूक सापडली, पण भलत्याच जागी. मणके मोडलेल्यांचं प्रमाण देताना मी 'इजेक्ट केलेल्यांपैकी' (सीटसह बाहेर पडलेल्यांपैकी) लिहिलं होतं, टक्का मात्र 'वाचलेल्यांपैकी' काढलेला. छेदच चुकला. लेखात दुरुस्त केलंय.

मुद्दा मात्र सोडत नाही. समजा, जुन्या सीटमधून 100 जण बाहेर पडले आणि 20 दगावले. उरलेल्या 80 पैकी 20 जणांचा मणका मोडला, म्हणजे 25 टक्के. नव्या सीटवर 10च दगावले. 90 पैकी 27 मोडले, म्हणजे 30 टक्के. (आकडे माझे, हिशेबापुरते.) सीट बिघडली का? जे आधी मृतांच्या रकान्यात गेले असते, ते आता जखमींच्या रकान्यात आले. त्यात एमआरआयची भर. एक्स-रेत न दिसणारी चीर त्यात दिसते. सीट तीच, धक्का तोच, टक्का वर.

मणक्याचं घेऊन बसतो, कारण त्या माणसाला पुन्हा उडायचं असतं. धक्क्यावरून मणक्याचा धोका काढायचं एक गणित आहे, 'डायनॅमिक रिस्पॉन्स इंडेक्स'. तो 18 आला तर धोका साधारण 5 टक्के. पण हे गणित पाठ ताठ आहे असं धरून चालतं. सीट उडवायचं मांड्यांमधलं हँडल शोधायला पायलटने मान खाली घातली, की पाठ वाकते, भार मणक्यांच्या पुढच्या कडेवर येतो आणि छातीचा शेवटचा किंवा कमरेचा पहिला मणका पाचरीसारखा चेपतो.

शिवाय सरासरीत हलका पायलट हरवतो. एफ-35 या अमेरिकन लढाऊ विमानावर 2015 मध्ये 62 किलोच्या आतल्या वैमानिकांना बंदी आली, ती मानेच्या धोक्यापायी, आणि तीही चाचण्यांमधल्या पुतळ्यांवरून. हलकं हेल्मेट, डोक्याला आधार, हलक्या पायलटसाठी पॅराशूट जरा उशिरा उघडणारा स्विच एवढं झाल्यावर 2017 मध्ये ती उठली. अपघातांचे आकडे जमेपर्यंत थांबले असते तर?

आता एक तुम्हीच सांगा. तुम्ही कितीतरी पायलटना पट्टे आवळून सीटमध्ये बसवलंय. नंतर गुपचूप पट्टे सैल करणारे किती भेटले? तो रकाना माझ्याकडे रिकामा आहे.